यात काय सुटतंय?

गेल्या शनिवारी दुपारी एका बी-स्कूलच्या गारठलेल्या सभागृहात मी केस-स्पर्धेच्या परीक्षकाच्या खुर्चीत बसले होते. पाचवी टीम, नववी स्लाइड. जेवणं झालेली, एसी जोरात, शेजारचे परीक्षक पेनाचं टोपण काढत-घालत बसलेले. स्लाइडवर तीन गोल होते, एकमेकांत गुंतलेले. एकात ग्राहक, एकात दुकानदार, एकात कंपनी. तिन्ही गोल जिथे एकमेकांवर येतात त्या चिमूटभर जागेत लिहिलं होतं, 'विन-विन-विन'.

मी विचारलं, "दुकानदाराला यात काय मिळणार?"

"एंगेजमेंट, मॅम."

आमच्या सोलापूरकडे एंगेजमेंट म्हणजे साखरपुडा. मी हसू दाबत मार्कांच्या कागदावर मान खाली घातली. त्या मुलाला वाटलं असणार की बाई काहीतरी वाईट लिहितायत. मी काहीच लिहीत नव्हते. दहा वर्षांपूर्वी असेच तीन गोल मी स्वतः काढले होते, रात्री अडीच वाजता, आणि त्यांना रंग कोणता द्यायचा यावर तासभर भांडलेही होते.

हा प्रकार ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. एखादी मोठी कंपनी एमबीएच्या मुलांपुढे आपला एक प्रश्न टाकते. त्याला 'केस' म्हणायचं. मुलं दोघा-तिघांच्या टीमा करतात, दोन-चार स्लाइडमध्ये उपाय पाठवतात. त्यातून चाळण लागत लागत शेवटच्या पाच-सहा टीमा कंपनीच्या मुख्यालयात बड्या साहेबांसमोर दहा मिनिटं बोलतात. लोरियालची ब्रँडस्टॉर्म १९९२ पासून चालू आहे, महिंद्राची वॉर रूम २००८ पासून, हिंदुस्तान युनिलिव्हरची लाइम २००९ पासून. आता बहुतेक स्पर्धांची नोंदणी अनस्टॉप या वेबसाइटवर होते. आमच्या वेळचे लोक त्याला अजून डेअर-टू-कम्पीटच म्हणतात. बक्षीस म्हणून रोख रक्कम असते, ट्रॉफी असते, आणि ज्यासाठी सगळी धडपड चालते ती पीपीआय असते, म्हणजे प्लेसमेंटच्या हंगामाआधीच थेट मुलाखत.

कंपनीला आपली कल्पना हवी आहे, हा या खेळातला सगळ्यात गोड गैरसमज. कंपनीत कल्पनांचा दुष्काळ कधीच नसतो. ज्या आहेत त्यांनाच बजेट मिळत नाही. मी आता आतून बघते म्हणून सांगते, अंतिम फेरीतल्या परीक्षकांच्या डोक्यात एकच विचार असतो: हे पोर उद्या माझ्या टीममध्ये आलं आणि मी त्याला सातारा-कराडचा भाग दिला, तर ते काय करेल? ही लांबवलेली मुलाखत असते, फक्त तसं कोणी म्हणत नाही.

हे मला २०१५ साली कोणी सांगितलं असतं तर पटलं नसतं.

त्या पावसाळ्यात मी पहिल्या वर्षाला होते. आम्ही तिघं: मी सोलापूरची, एक दिल्लीकर आणि एक चेन्नईवाली. केस होती लहान गावांतल्या किराणा दुकानांत कंपनीच्या नव्या मालाचा खप वाढवण्याची. आम्ही अ‍ॅप काढलं. त्या वर्षी सगळ्यांनीच अ‍ॅप काढलं होतं, जसं हल्ली सगळे एआय काढतात. आमच्या अ‍ॅपच्या नावात 'स्मार्ट' आणि 'कनेक्ट' हे दोन्ही शब्द होते. दुकानदार अ‍ॅपवरून मागणी नोंदवणार, त्याला पॉइंट मिळणार, पॉइंट साठले की मिक्सर. बाजाराचा आकार काढायला आम्हाला पाच मिनिटं लागली. देशात सव्वा कोटी किराणा दुकानं (हा आकडा तेव्हाही प्रत्येक टीमच्या स्लाइडवर असायचा, आजही असतो). त्यातली फक्त एक टक्का दुकानं आली तरी सव्वा लाख. प्रत्येकाने महिन्याला फक्त हजार रुपयांचा माल जादा घेतला तरी साडेबारा कोटी. 'फक्त' हा शब्द आम्ही मोठ्या विश्वासाने दोनदा वापरला होता.

कॅम्पसच्या फेरीतच गारद झालो. परीक्षकांत एक पांढऱ्या केसांचे गृहस्थ होते, हयात विक्रीत गेलेली. त्यांनी आमचं सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "ही एक टक्का दुकानं कोणती?"

आम्ही एकमेकांकडे बघितलं.

"बरं, एका दुकानाचं नाव सांगा."

दिल्लीकर म्हणाला, आम्ही टियर-थ्री शहरं धरली आहेत. चेन्नईवाली म्हणाली, सॅम्पलिंगचं नियोजन पुढच्या टप्प्यात आहे. मी गप्प राहिले. माझा सख्खा मामा बार्शीत सव्वीस वर्षं किराणा दुकान चालवत होता. नाव सुचलं नाही असं नाही. त्या काचेच्या खोलीत ते घ्यायची लाज वाटली.

पुढच्या वर्षी त्याच कंपनीची स्पर्धा आली आणि केसही तिचीच सावत्र बहीण म्हणावी अशी: लहान गावांत भांडी घासायच्या लिक्विडची लहान बाटली कशी रुजवायची. रुजवायची, असं. आम्ही तिघंच पुन्हा एकत्र आलो, कारण हरलेल्या टीमला दुसरं कोणी घेत नाही. या वेळी कॅम्पस फेरी कशीबशी पार पडली, ती आमच्या गुणांपेक्षा बाकीच्या टीमांच्या परीक्षा चालू होत्या म्हणून. मग दिवाळी आली. ३० ऑक्टोबरला लक्ष्मीपूजन झालं आणि भाऊबीजेला आईबरोबर मी एसटीने बार्शीला गेले.

मामाचं दुकान भगवंताच्या देवळाकडे जाणाऱ्या रस्त्यावर. वीतभर दर्शनी जागा, आत मात्र बोगद्यासारखं लांब. समोर शाम्पूच्या पुड्यांच्या माळा, खाली ज्वारीची आणि तूरडाळीची पोती, गल्ल्याशेजारी लाल वही. वहीवर लक्ष्मीपूजनाचं हळदीकुंकू अजून ओलसर होतं. मी दोन दिवस जास्त राहिले, काउंटरच्या आत, पालथ्या घातलेल्या तेलाच्या डब्यावर बसून. गुरुवार हा त्या कंपनीच्या सेल्समनचा वार. तो अकराच्या सुमाराला आला, मोटरसायकल चालूच ठेवून आत डोकावला.

"शेठ, नवीन आलंय, भांड्याचं लिक्विड. एक बॉक्स टाकू?"

"काय सुटतंय?"

"चाळीसची बाटली तुम्हाला छत्तीसला. दहा टक्के की सरळ."

"आन् राहिलं तर?"

"राहतंय कशाला शेठ, टीव्हीवर जाहिरात चालू हाय."

"जाहिरात तुझी टीव्हीवर, पैसे माझे गल्ल्यातले."

तो गेल्यावर मामाने बिडीच्या बंडलाचा कागद पालथा केला आणि मला हिशेब दाखवला. बारा बाटल्यांचा बॉक्स. छत्तीसने घेतला, चारशे बत्तीस गेले. अकरा खपल्या तर चारशे चाळीस आले, म्हणजे सुटले आठ रुपये. दहाच खपल्या तर चारशे आले. पदरचे बत्तीस गेले. बारातल्या दोन बाटल्या धूळ खात राहिल्या की दहा बाटल्या विकायची मेहनत फुकट आणि वर दंड. "टक्का सगळा माल खपला तरचा," मामा म्हणाला. "सगळा कुठं खपतो?"

मी दीड वर्ष मार्जिन शिकत होते. प्रत्येक तक्त्यात मी विकलेल्या मालाचा हिशेब केला होता. मामा पहिल्यापासून न विकलेल्या मालाचा हिशेब करत होता. नवं काही घेताना त्याचा पहिला प्रश्न किती सुटतंय हा, आणि लगेच पाठीला पाठ लावून दुसरा, राहिलं तर कोणाच्या अंगावर. आमच्या अ‍ॅपमध्ये या दुसऱ्या प्रश्नाला रकानाच नव्हता. मिक्सर होता.

आणि तरी त्याने तो बॉक्स ठेवून घेतला. मी विचारलं, का? तर म्हणाला, दिवाळीचं पोरगं दारात आलंय, रिकामं कसं पाठवायचं. तो सेल्समन नऊ वर्षं येत होता. मामाची मुदत संपलेली बिस्किटं वेळेवर बदलून देणारा तोच. दोघांमधली ही देवघेव कुठल्या स्लाइडवर मांडायची मला अजून समजलेलं नाही.

इथे एक गोष्ट सांगायलाच हवी, नाहीतर तुम्हाला वाटेल की दुकानात जाऊन बसलं, चार लोकांना विचारलं, की स्पर्धा खिशात. तसं नसतं. त्याच मुक्कामात मी मामीला छोटूकूलची गोष्ट सांगितली. ती आम्हाला वर्गात शिकवली होती. गोदरेजने खेड्यातल्या कुटुंबांसाठी एक लहानसा शीतपेटारा केला: त्रेचाळीस लिटरचा, पावणेआठ किलोच्या आसपास वजनाचा, कॉम्प्रेसर नसलेला, बॅटरीवरही चालणारा, वरून झाकण उघडायचं. किंमत सव्वातीन हजारांपासून. आणि तो करताना त्यांनी २००८ मध्ये बायकांना बोलावून विचारलं होतं, तेही कुठे, तर उस्मानाबादेत, म्हणजे आताच्या धाराशिवात, बार्शीहून तासाभराच्या वाटेवर. सहाशेच्या आसपास बायका होत्या. लाल रंग त्यांनीच पसंत केला. एवढं सगळं विचारून केलेली वस्तू, पण जिच्यासाठी केली त्या घरांत ती अपेक्षेइतकी गेली नाही. पुढे शहरातल्या लोकांनी ती गाडीत ठेवायला वगैरे घेतली.

मामी चहा गाळत होती. तिने विचारलं, "बर्फ होत होता का त्यात?"

"नाही."

"मग फ्रिज कसला तो."

मामीचा स्वतःचा फ्रिज स्वयंपाकघरात नाहीच. तो बाहेरच्या खोलीत आहे, दारातून येणाऱ्याला दिसेल असा, वर विणलेलं कव्हर आणि कव्हरवर गणपती. पाहुण्याला सरबतात बर्फ घालून दिला की घरात फ्रिज आल्याचं गावाला कळतं. दूध नासू नये ही गरज खरी होती आणि त्या सहाशे बायकांनी ती खरीच सांगितली असणार. पण फ्रिज घेताना माणूस दुधाएवढंच बघत नाही. लोकांना 'तुम्हाला काय हवं' असं विचारलं की ते शहाण्यासारखं उत्तर देतात. पैसे बाहेर काढायची वेळ आली की वेगळं वागतात. दोन्हींच्या मधली फट बघायला मिळाली तरच दुकानात बसण्याला अर्थ.

कुर्डुवाडीहून रात्रीची सिद्धेश्वर पकडून मी मुंबईला आले. सकाळी मेसमध्ये दोघांना बिडीच्या बंडलाचा तो कागद दाखवला. चेन्नईवालीने त्याचा फोटो काढून ठेवला. दिल्लीकराला मात्र हे सगळं फारच 'देसी' वाटलं. त्याचं म्हणणं, यात नावीन्य काय? रास्त प्रश्न होता. मग तो दोन दिवस कल्याणच्या एका सेल्समनच्या मागे बसून फिरला आणि तिसऱ्या दिवशी माझ्यापेक्षा जास्त पेटून परतला. त्याला कळलं होतं की सेल्समनचा इन्सेंटिव्ह नवा माल दुकानात पहिल्यांदा ठेवण्यावर मिळतो. तो खपला की नाही याच्याशी त्याचं देणंघेणं नाही. त्यामुळे पंचवीस तारखेनंतर टार्गेट अडलं की तो ओळखीच्या दुकानांत माल 'टाकतो'. दुकानदार एकदा भिडेखातर घेतो आणि पुढच्या वेळी त्याच कंपनीच्या नव्या मालाला हात जोडतो. कंपनीच्या मुख्यालयात मात्र आकडा छान दिसतो: इतक्या हजार दुकानांत पोचलो.

आमचा उपाय त्यातून निघाला आणि तो अगदी साधा होता. बाराऐवजी सहा बाटल्यांचा बॉक्स. पंचेचाळीस दिवसांत ज्या बाटल्या राहतील त्या सेल्समनने उचलायच्या आणि तेवढ्याच किमतीच्या कंपनीच्या चालणाऱ्या साबणाच्या वड्या द्यायच्या, रोख नाही. उचललेली बाटली डेपोत परत पाठवायची नाही, त्याच वाटेवरच्या ज्या दुकानात ती खपतेय तिथे ठेवायची, म्हणजे वाहतुकीचा खर्च नाही. आणि सेल्समनचा इन्सेंटिव्ह पहिल्या ऑर्डरवर नको, दुसऱ्या ऑर्डरवर. एवढंच. अ‍ॅप नाही. मला मनातून धाकधूक होती की हे ऐकून परीक्षक जांभया देतील.

अ‍ॅपला माझा विरोध नाही, गैरसमज नको. पण माणसाच्या अंगवळणी पडलेलं काय आहे ते आधी बघावं. हिंदुस्तान युनिलिव्हरने २०१३ च्या सुमाराला बिहार-झारखंडात 'कान खजुरा टेसन' चालवलं. तिथे वीज जायची, टीव्ही फारसा पोचत नव्हता, पण साधा मोबाइल घरोघरी होता आणि मिस्ड कॉल द्यायची सवय तर आपल्या रक्तातच आहे. नंबरावर मिस्ड कॉल द्यायचा, उलट फोन येणार, त्यावर गाणी, विनोद आणि मध्येमध्ये जाहिराती. ऐकणाऱ्याचा एक पैसा जात नाही आणि कंपनीला जाहिरातीसाठी कान मिळतात. २०१४ मध्ये त्याला फ्रान्समधल्या कानच्या जाहिरात महोत्सवात सुवर्ण मिळालं. (कान खजुराला कानमध्ये बक्षीस. यावर कोटी करायचा मोह मी आवरते.) कोणाचा पैसा कुठून कुठे जातो हे त्या योजनेत शेंबडं पोरही सांगेल.

८ नोव्हेंबरच्या रात्री आम्ही सेमीफायनलच्या स्लाइड नीटनेटक्या करत होतो आणि पाचशे-हजाराच्या नोटा गेल्या. मेसमधल्या टीव्हीसमोर सगळं हॉस्टेल जमा झालं. दुसऱ्या दिवशी मामाला फोन लावला तर तो हसत होता, म्हणजे रडायचं नाही म्हणून हसत होता. गल्ल्यात पाचशेच्या नोटा पडून, एजन्सीवाला त्या घेईना, गिऱ्हाईक सुट्ट्यासाठी भांडतंय, उधारीची वही फुगतेय. नव्या मालाचं विचारलं तर म्हणाला, "नवीन काय बी नगं म्हणून सांगितलंय सगळ्यांना. जुनंच जाऊ दे आधी."

आमच्या योजनेचा पहिला टप्पा डिसेंबरात सुरू व्हायचा होता. रात्रभर वाद झाला. दिल्लीकर म्हणाला, काही बोलूच नको, परीक्षकांना कुठे एवढं सुचणार. चेन्नईवाली म्हणाली, सुचणारच, त्यांचाच माल अडकलाय. शेवटी आम्ही एक स्लाइड टाकली: ही योजना मार्चच्या आधी सुरू करू नये, आणि का. मामाचं नाव, गाव, दुकान, त्या आठवड्याची विक्री आणि उधारी. मामाची परवानगी घेऊन. तो म्हणाला, घाल की, टॅक्सवाल्यांना नको देऊ म्हणजे झालं.

अंतिम फेरी लोअर परळात होती, जुन्या गिरणीच्या आवारातल्या एका काचेच्या इमारतीत. खिडकीतून एक चिमणी दिसत होती, धूर नसलेली. पाच परीक्षक. फायनान्सचे जे होते ते आमच्या आधीच्या टीमच्या वेळी फोन बघत बसले होते. आमची 'सुरू करू नये' वाली स्लाइड आली तेव्हा त्यांनी फोन पालथा ठेवला. पुढची सहा मिनिटं ते एकटेच प्रश्न विचारत होते. उचललेल्या बाटलीची मुदत कोण बघणार? सेल्समनने खोटी दुसरी ऑर्डर दाखवली तर? पहिल्याचं उत्तर होतं. दुसऱ्याचं नव्हतं, आणि मी सरळ म्हणाले की याचा आम्ही विचार केलेला नाही. दिल्लीकराने टेबलाखालून मला लाथ घातली. नंतर कळलं की आमचे सगळ्यात जास्त गुण त्या मिनिटाचे होते. बाकीच्या टीमा प्रत्येक प्रश्नाला "ग्रेट क्वेश्चन, सर" म्हणत होत्या आणि मग भलतंच बोलत होत्या.

आमचा दुसरा नंबर आला. जिंकायचं कसं हे खरं तर पहिल्या नंबरवाल्यांनी लिहायला हवं, पण त्यांच्यातले दोघं आता सिंगापुरात आहेत आणि तिसरा मराठीत लिहीत नाही. त्यामुळे ते का जिंकले ते मीच सांगते, मी तिथेच पहिल्या रांगेत बसले होते.

त्यांची कल्पना आमच्यापेक्षा हुशार नव्हती. रिकामी बाटली दुकानात परत आणली की भरायचं पाऊच दोन रुपयांनी स्वस्त, इतकंच. पण त्यांनी ते करून बघितलं होतं. टीममधल्या एकाच्या गावात, एकाच पेठेतली बारा दुकानं, दोन आठवडे, ते दोन रुपये स्वतःच्या खिशातून. आणि त्याची त्यांनी वही ठेवली होती. लांबट, दोनशे पानी, मुखपृष्ठावर डोंगर आणि सूर्य असलेली शाळेची वही. सादरीकरणाच्या चौथ्या मिनिटाला त्यातल्या मुलीने ती परीक्षकांच्या टेबलावर ठेवली. त्यात दुकानांची नावं होती, दुकानदारांच्या स्वतःच्या हाताची. कुठे रेघा मारलेल्या, कुठे तेलाचा डाग, एका दुकानाच्या पानावर मोठ्या अक्षरांत 'बंद केले, कटकट' असं लिहिलेलं. परीक्षकांनी ती वही एकमेकांकडे द्यायला सुरुवात केली आणि मग पडद्याकडे कोणी बघेचना. 'बंद केले, कटकट' च्या पानावर दोघे जण वाकून काहीतरी कुजबुजत होते. मला तिथेच कळलं की आपण गेलो.

शेवटच्या स्लाइडवर त्यांनी तीनच ओळी ठेवल्या होत्या. एका तालुक्यात, साठ दिवस, इतके रुपये. परत येणाऱ्या बाटल्या दर दुकानामागे आठवड्याला पाचच्या खाली गेल्या तर योजना बंद करावी. आम्ही कधी सुरू करू नये ते सांगितलं होतं, त्यांनी कधी थांबवावं ते आकड्यासकट सांगितलं. बजेटवर सही करणाऱ्या माणसाला याहून मोठा दिलासा नसतो. योजना सुरू करणं सोपं. तीन वर्षांनी ती बंद करायला कोणी धजत नाही, हे त्याचं खरं दुखणं.

बाकीच्या ज्या गोष्टी मुलं मला विचारतात (किती स्लाइड, कोणता फॉन्ट, कोट घालायचा का) त्यांची उत्तरं एका दमात देऊन टाकते. दहा मिनिटं दिली असतील तर सात मिनिटांचंच तयार करा, कारण माइक बिघडतो, कोणीतरी मध्येच विचारतं. तिघांनी तीन-तीन मिनिटं वाटून घेऊ नका. ज्याने काम केलं त्याने बोलावं. माझं इंग्रजी तेव्हा सोलापुरी होतं, अजूनही आहे. दिल्लीकराच्या अस्खलित बोलण्याला माना डोलल्या, पण प्रश्न मला आले, आणि अर्धे हिंदीत आले. तोंडपाठ करू नका. तोंडपाठ केलेलं बोलणं मध्ये तुटलं की रामरक्षेसारखं पुन्हा पहिल्यापासून सुरू करावं लागतं. आणि केस वाचताना त्यातलं क्रियापद शोधून त्याखाली रेघ मारा. 'रुजवा' म्हटलंय की 'पोचवा', 'खप वाढवा' की 'ओळख वाढवा'. गेल्या शनिवारच्या आठ टीमांपैकी पाच टीमांनी न विचारलेल्या प्रश्नाचं सुंदर उत्तर आणलं होतं.

एंगेजमेंटवाल्या टीमला मी स्पर्धा संपल्यावर चहाच्या टेबलाशी गाठलं. तो मुलगा अमरावतीचा निघाला. घरी काय करतात विचारलं तर थोडा घुटमळला आणि म्हणाला, "कृषी सेवा केंद्र आहे, मॅम." बी-बियाणं, खतं, औषधं. म्हणजे हंगामाची उधारी, राहिलेलं बियाणं, मुदत संपलेल्या औषधाच्या बाटल्या, हे सगळं बघत तो लहानाचा मोठा झालेला. केसही शेतकऱ्यांना विकायच्या मालाचीच होती. मी त्याला काही शिकवलं नाही. फक्त विचारलं की वडिलांना ही स्लाइड दाखवली होती का. तो त्याच्या बुटांकडे बघत राहिला. ते बघणं माझ्या चांगल्या ओळखीचं होतं.

२०१६ च्या त्या अंतिम फेरीनंतर परळ स्टेशनच्या पुलावरून मी मामाला फोन केला होता. गर्दीत एका कानात बोट घालून.

"मामा, दुसरा नंबर आला!"

"बरं झालं. पहिला कुणाचा?"

सांगितलं. बाटल्या परत घ्यायचं ऐकून त्याला ते पटलं नाही. रिकाम्या बाटल्या ठेवायला जागा कुणाकडं हाय, म्हणाला. मग विचारलं, "आन् तुझं ते, बदलून द्यायचं, ते करणार का आता कंपनी?"

"नाही मामा. बहुतेक नाही करणार. ते असं लगेच करत नाहीत."

पलीकडे कोणाला तरी पाव किलो साखर हवी होती. तराजूच्या पारड्याचा आवाज आला, कागद फाडल्याचा आवाज आला.

"मग तुला काय सुटलं?"

"मुलाखतीला बोलावलंय. नोकरी मिळेल बहुतेक."

"हां, मग हाय की." दोरा तोडल्याचा आवाज. "बघ, लागलीस तिथं तर त्या लिक्विडचं जरा बघ. चार बाटल्या राहिल्यात अजून."